राघोत्तमाचा अर्धा टंबलर

अग्निनक्षत्राचे दिवस होते. मद्रासकडे वैशाखातल्या उन्हाला हे नाव आहे, आणि ते ठेवणाऱ्यानं काही कविता केलेली नाही. पाठीला जे लागलं तेच सांगितलं. अशा उन्हात प्रतापसिंह बैलगाडी घेऊन तांबरमच्या स्टेशनावर घोंगडं आणायला गेला. पांघरायचं नव्हे, कागदाच्या यंत्राचं. ओला कागद ज्याच्यावरून पुढं सरकतो ती लांबलचक लोकरी पट्टी. जुनी फाटली होती आणि गिरणी कार्तिकापासून बंद होती.

गिरणी पेरुंगुडीच्या पुढं, कालव्याच्या काठावर. लढाईत विलायती कागद येईनासा झाला तेव्हा एका शेट्टींनी ती काढली. यंत्र जुनंच, कुठल्याशा मोडलेल्या गिरणीतून आणलेलं. कोवलमकडून होड्यांतून पेंढा यायचा, शहरातून चिंध्या यायच्या, आणि दुसऱ्या टोकाला शाळेच्या वह्यांचा कागद निघायचा. कागद जरा पिवळट असे, पण शाई फुटत नसे. याचा गिरणीतल्या प्रत्येकाला असा अभिमान, जणू तो स्वतःच त्या लगद्यात उतरला होता!

प्रतापसिंह या यंत्राचा मुख्य कामगार. नाव तंजावरच्या राजाचं, बोली गिरणीतल्या बहुतेकांसारखीच तंजावरची जुनी मराठी आणि अंगावर सदा घामेजलेला बनियन. यंत्राच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला राघोत्तम. यंत्र सुरू करताना ओल्या कागदाची एक अरुंद शेपटी हातानं सोडवून, मधल्या फटीवरून पलीकडच्या तापलेल्या रुळांवर चढवावी लागते. एकानं द्यायची, दुसऱ्यानं घ्यायची. पलीकडे वाफ इतकी, की घेणारा दिसत नाही. म्हणून प्रतापसिंह ओरडायचा, "घे रे!" वाफेतून आवाज यायचा, "दे रे!" आणि शेपटी जायची. सोबत एक सणसणीत शिंकही यायची, कारण राघोत्तमाला तपकिरीवाचून दिवस उजाडत नसे.

त्याआधी दोघांचा एक नेम होता. राघोत्तमाची बायको सकवारबाई मागच्या चाळीतून पितळेच्या टंबलरात कॉफी आणायची. प्रतापसिंह ओठ न लावता, वरून धार धरून अर्धी प्यायचा आणि टंबलर फटीजवळच्या लोखंडी पट्टीवर ठेवायचा. उरलेली अर्धी राघोत्तमाची. इतक्या वर्षांत कुणी घोटभर जास्त घेतली नव्हती. सख्ख्या भावांतही असं निभत नाही.

कार्तिकात राघोत्तम छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच आठवड्यात घोंगडं फाटलं आणि मालकाचं मनही. आता यंत्र भंगारात घ्यायला मुंबईचं एक गिऱ्हाईक तयार होतं. पुण्याहून आलेला तरुण मॅनेजर उमाकांत मालकाच्या हातापाया पडला आणि वह्यांच्या कागदाची एक शेवटची मागणी मिळवून आला. मालकाची अट एकच. आज दिवे लागायच्या आत कागद निघाला तर गिरणी राहील, नाहीतर उद्या भंगारवाल्याच्या गाड्या येतील. आणि गिरणीबरोबर चाळही जाणार होती.

रात्रीतून नवं घोंगडं यंत्रावर चढलं आणि सकाळी बॉयलर पेटला. सकवारबाई पांढऱ्या लुगड्याचा पदर सावरत आली आणि जुन्या सवयीनं टंबलर पुढं केला. प्रतापसिंह तिच्याकडे पाहत राहिला. अर्धी ठेवावी तर हिला काय वाटेल? पट्टीवरची ती अर्धी कॉफी हिनं उगाच का पाहावी? त्यानं टंबलर उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. सकवारबाईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

पलीकडे राघोत्तमाच्या जागी आता सुब्बा होता. पोरगा नव्हे, चांगला कसलेला माणूस. प्रतापसिंहानं शेपटी सोडवली. "घे रे!"

कागद फटीवरच तुटला. पुन्हा सोडवला, पुन्हा तुटला. घोंगडं ताणून पाहिलं, लगदा पातळ केला, दाट केला, वाफ कमीजास्त केली. नेमकी कुठं माशी शिंकत होती ते कळेना. शेपटी नेहमी त्याच जागी तुटायची, बरोबर लोखंडी पट्टीच्या वर.

दुपार टळटळीत झाली. बाहेर कालव्याचं पाणीसुद्धा हलत नव्हतं. आत वाफेचा पडदा छतापर्यंत चढला होता आणि त्यात रुळांचा एकसुरी घुमारा. एवढ्यात सुब्बा वाफेतून मागच्या मागे बाहेर आला. चेहरा लगद्यासारखा पांढरा.

"अण्णा... मज तिथं नको."

"भाजलं का रे?"

"नाही. तिथं कोण की उभं अहे. मी हात पुढं करतो, तर माझ्या आधी... हात बांधून उभं अहे, अण्णा. घेत नाही, मजही घेऊ देत नाही." त्यानं नाक पुसलं. "आणि तपकिरीचा वास..."

वास प्रतापसिंहालाही येत होता. सकाळपासून येत होता. तो मनाला समजावत होता, इतकंच.

उमाकांत धावत आला. "सुब्बा, काय चाललंय? संध्याकाळपर्यंतच वेळ आहे आपल्याला! कोणी नसेल तर मी उभा राहतो तिकडे."

"साहेब, थांबा," प्रतापसिंह म्हणाला.

तेवढ्यात दारात सकवारबाई दिसली. रिकामा टंबलर न्यायला आली होती. तिनं तुटक्या ओल्या कागदाचे ढीग पाहिले, थांबलेली माणसं पाहिली आणि टंबलर उचलून उलटा केला. एक थेंब पडला नाही.

"अर्धी कां ठेवली नाही, अण्णा?"

"वैनी... तुम्हांस वाईट वाटेल म्हणून..."

"मज?" तिचे डोळे भरून आले. "मी आपल्या हातानं दोघांची कॉफी घालून आणली की. तुम्ही सगळी प्यालात. सकाळधरून उपाशी उभे अहेत ते. कसं काम करतील?"

कुणी हसलं नाही. सकवारबाई पदर खोचून चाळीकडे गेली आणि ताजी कॉफी घेऊन आली. प्रतापसिंहानं धार धरली, अर्धी प्याला आणि टंबलर पट्टीवर ठेवला.

"राघो," तो अगदी हळू म्हणाला, "चुकलं रे माझं."

"पलीकडे कोण आहे?" उमाकांतनं विचारलं. "सुब्बा तर इथे आहे... प्रतापसिंह, पलीकडे कोणीच नाही!"

प्रतापसिंहानं ओली शेपटी सोडवली. बोटांवर ती सायीसारखी लुसलुशीत लागली. "घे रे!"

वाफ ढवळली. शेपटी जराशी लोंबली आणि मग पलीकडून कुणीतरी ती अलगद ओढली. हिसका नाही, घाई नाही. फटीवरून ती सरळ गेली, तापल्या रुळावर चढली, तिच्यामागून कागदाची पुरी रुंदी पसरत गेली आणि कोरड्या टोकाला माणसं एकदम ओरडली. त्या गलक्यातही वाफेतली शिंक सगळ्यांना ऐकू आली. सकवारबाई मटकन खाली बसली. रडत होती आणि हसतही होती.

दिवे लागले तेव्हा यंत्र चालूच होतं आणि कागदाचा पहिला रूळ भरला होता. मालकानं त्याचा तुकडा उजेडासमोर धरला, त्यावर शाईनं सही करून पाहिली. शाई फुटली नाही. भंगारवाल्याला नकाराची तार गेली. चाळीत त्या रात्री पायसम शिजलं. टंबलर पट्टीवर कोरडा सापडला. उमाकांत म्हणाला, उष्णतेनं कॉफी आटली असेल. त्याला तसं म्हणणं भागच होतं, शिकलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी पहाटे यंत्र पुसून पुन्हा सुरू करायचं होतं. प्रतापसिंह बॉयलरकडून आला तेव्हा टंबलर आधीच पट्टीवर होता.

"आत्ताच ठेवला, अण्णा," दाराशी उभी सकवारबाई म्हणाली. "काठोकाठ भरून."

त्यानं वाकून पाहिलं. टंबलर अर्धा होता. कड कोरडी होती. पट्टीवर तपकिरीचे दोन कण पडले होते. आज पलीकडच्यानं आधी पिऊन अर्धी याच्यासाठी ठेवली होती.

"प्या की," सकवारबाई हलकेच म्हणाली. "निवेल."

त्यानं टंबलर उचलला, धार धरली. कॉफी गरम होती. गिळता गिळता त्यानं फटीपलीकडे पाहिलं. अजून वाफ सोडली नव्हती. रूळ थंड होते, पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती, तिच्यासमोरची फरशी रिकामी होती.

"दे रे," तिथून आवाज आला.