पाचपैकी किती?

मिनेगिशीने तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिचे फक्त पाय दिसत होते.

बाहेर पावसाने झड लावली होती. उत्तर जपानमधल्या इशिकारी नदीच्या काठावरच्या त्या चिमुकल्या विमानतळावर तो छत्री झटकत हँगरमध्ये शिरला, तर त्याच्याच चार आसनी विमानाच्या दारातून दोन पाय बाहेर आलेले... एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. बाकीची बाई आत, काटे-तबकड्यांच्या फळीखाली.

"माफ करा," तो त्या पायांना म्हणाला, "रेडिओ दुरुस्त करणारे कुठे भेटतील?"

"त्यांच्याशीच बोलताय. तक्रार सांगा."

"माझं बोलणं लोकांना जातं. लोकांचं मला ऐकू येत नाही."

"हा दोष रेडिओचा की तुमचा?"

तो हसला. ती बाहेर आली — चिझुरू कुदो, गालावर काळा डाग, डोळ्यांत वैताग. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन भोकाचा पाय दुसऱ्या पायामागे लपवला. तेवढ्यानेच त्याचा निकाल लागला, हे त्याला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

नकाशांसाठी वरून फोटो काढायचं काम घेऊन तो उन्हाळ्यापुरता आला होता. डोंगरांवर पहिलं बर्फ दिसलं की विमान घेऊन दक्षिणेला, कागोशिमाला परत.

चिझुरूने हेडफोन बदलून पाहिले. विमानाचा एकेक दिवा बंद करून पाहिला. मग खरखर दाबायच्या बटणाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कोणी एवढं पिळलं?"

"मी. खरखर सहन होत नाही."

"खरखर दाबलीत की लांबून कोणी हळू बोलत असेल, तेही दाबलं जातं. थोडी सहन करा."

बटण सैल केलं, तरी आवाज दबकाच. दुपारी पाऊस उघडला आणि रेडिओ एकदम शहाण्यासारखा वागायला लागला.

"म्हणजे हा फक्त पावसात बिघडतो," ती म्हणाली. "आता पाऊस आला की या."

"आणि नाही आला तर?"

"तर फोटो काढा. त्यासाठीच आला आहात ना?"

मग तो रोज सकाळी उठून आधी आकाश बघायला लागला. फोटोवाल्याला ढग नकोसे असतात. याला हवेसे वाटू लागले.

पाऊस आला की दोघं विमान हँगरबाहेर ढकलत. ती आत बसे, आणि तो हातातला छोटा रेडिओ घेऊन नदीच्या बांधावरून दूर दूर चालत जाई. चाचणीला तिथे सगळे पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य म्हणतात. धो धो कोसळत असलं तरी तेच.

"आज आकाश निरभ्र आहे," तो बांधावरून म्हणे.

आवाज किती स्पष्ट आला, त्याला ती पाचपैकी गुण देई. "चार."

"आज आकाश निरभ्र आहे. माझे बूट भरलेत."

"तीन. पुढे चला."

"आज आकाश निरभ्र आहे. कालच्या भातगोळ्यातला मासा फार छान होता. आज आणलाय का?"

"तीन. आणलाय. चला."

रेडिओच्या खोलीतून उनो-सान मध्येच खेकसत. हे निवृत्त गृहस्थ विमानतळाचा रेडिओ सांभाळत, आणि चिझुरूला शाळेपासून ओळखत. "ए पोरांनो, ही लहर विमानांसाठी आहे. जेवणाचं जेवताना बोला."

एकदा तो पार वळणापलीकडे गेला. आवाज अगदी बारीक झाला. "आज आकाश निरभ्र आहे," एवढं तिला कळलं. पुढे आणखी काहीतरी होतं... लांबलचक, अडखळत बोललेलं, आणि सगळं खरखरीत बुडालेलं.

"दोन," ती म्हणाली. "पुढचं नाही कळलं. पुन्हा सांगा."

पावसातून उत्तर आलं — "काही नाही. तेच वाक्य होतं."

तो परतला तेव्हा तिने टॉवेल त्याच्या अंगावर फेकला आणि विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण कुदोंच्या घरात कुणी आपणहून विचारत नाही; वाट बघतात.

ऑगस्टच्या शेवटी बिघाड सापडला. टपावरच्या अँटेनाच्या बुडाशी केबलचा जोड होता. तो उघडला तर आत हिरवागार गंज. पावसाचं पाणी तिथून झिरपत होतं. एवढंसं कारण, आणि त्यापायी सगळा उन्हाळा.

तसाच परत बसवून टाकावा, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण विमानात माणूस बसतो. आणि तोही हा माणूस. तिने केबल कापली, नवा जोड घातला, वरून पाणी शिरणार नाही असा लेप दिला.

"सापडलं," ती म्हणाली.

"अरे वा," तो म्हणाला.

दोघांचेही चेहरे सुतकी.

"आता पावसात नाही यावं लागणार," ती पान्हे पुसत म्हणाली.

"नाही..." तो म्हणाला. "फार चांगलं काम केलंत, कुदो-सान."

त्याने कमरेत वाकून आभार मानले. तिनेही वाकून उत्तर दिलं. मान वर करायला दोघांनीही उशीर केला, पण कधीतरी करावीच लागली.

सप्टेंबर ठणठणीत कोरडा गेला. तो रोज उडायचा, संध्याकाळी दुरून हात करायचा. हँगरपर्यंत यायला कारण लागतं, आणि कारण तिने स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं होतं.

डोंगर पांढरे झाले, त्या सकाळी तो निघाला. निरोप घेताना उनो-सान मध्ये उभे, त्यामुळे हवापाण्याच्याच गप्पा झाल्या. विमान उडालं, आणि चिझुरू छोटा रेडिओ उचलून बांधावरून पळत सुटली. त्याच्याच जागी, वळणापलीकडे जाऊन तिने बोलायचं बटण दाबलं.

"पुन्हा या," ती एका दमात म्हणाली. "रेडिओ बिघडला नाही तरी या."

नेमक्या त्याच क्षणी वर त्यानेही बटण दाबलं होतं. "पुढच्या उन्हाळ्यात येऊ का? रेडिओसाठी नाही... तुमच्यासाठी."

बटण दाबून बोलत असताना समोरच्याचं ऐकू येत नाही. तिला काही ऐकू आलं नाही. त्यालाही नाही. खोलीत बसलेल्या उनो-साननी तेवढी कानठळ्या बसवणारी शिट्टी ऐकली.

"दोघं एकदम बोललात," ते लहरीवर म्हणाले. "काही कळलं नाही. एकेकाने बोला."

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

"नाही, आधी तुम्ही... चिझुरू-सान."

उन्हाळाभरात त्याने पहिल्यांदाच आडनाव सोडून तिचं नाव घेतलं होतं. तिने बटण दाबलं, आणि न बोलताच सोडून दिलं. तो वाट बघत राहिला. तीही. विमान डोंगराकडे वळलं. त्याच्या पलीकडे आवाज पोचत नाही.

"आज आकाश निरभ्र आहे," शेवटी तो म्हणाला.

शब्द न् शब्द स्वच्छ. खरखर नावालाही नाही.

"पाच," चिझुरू म्हणाली.

ती परत आली तेव्हा उनो-सान दारात उभे होते. "मघाशी काय सांगत होतीस गं त्याला?"

"आज आकाश निरभ्र आहे, असं मी म्हणत होते."

त्यांनी वर पाहिलं. खरंच निरभ्र होतं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि खिशातला रुमाल काढून दिला.