चौथा कोपरा

हे खरं आहे, असं लिहिलं आणि लगेच वाटलं, कशाला लिहिलं? कोण विश्वास ठेवणार?

आयुष्यभर गावच्या वाचनालयात बसून मी दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली. त्यात भुताखेतांचीही होती. ती वाचून मी मनातल्या मनात हसायचो.

तरीही लिहितो. कारण ही तक्रार नोंदवायला दुसरी जागाच उरलेली नाही.

गाव तेर. महिना गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. आमच्या घराची मागची खोली, जिथं माझी सून शिवरंजनी वाकळी शिवते.

वाकळ म्हणजे गोधडी. लोक आपल्या आईची, आजीची जुनी लुगडी पाठवतात. शिवरंजनी आणि शेजारची इरम्मा त्यांची वाकळ शिवतात, आणि ती पार्सलनं परत जाते. हे सगळं मोबाइलवरच्या एका विक्रीच्या ॲपवर चालतं. शिवणं त्यांचं. पत्ते चिकटवणं, पार्सल कुठवर पोचलं ते बघणं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देणं माझं.

माझा मुलगा शिवकुमार पुण्यात असतो. त्याचं एकच म्हणणं, घराला कुलूप लावा आणि इकडं या. शिवरंजनीनं त्याला फोनवर ठणकावलं होतं.

"माझा धंदा बंद पडला तर मी सोता कुलूप लावते. तवर नाव काढू नका."

मलाही जायचं नव्हतं. पुण्यातल्या त्या दोन खोल्यांत माझी पुस्तकं कुठं मावणार? माझ्या बायकोनं, तारामतीनं, वारण्याआधी दारात लावलेली जास्वंद कुठं मावणार?

म्हणून ते ॲपवरचं खातं जपायचं होतं. बाकी काही नाही.

आणि तिथंच माझं चुकलं... की नाही चुकलं? अजून ठरवता येत नाही.

वाकळीचे तीन कोपरे शिवून झाले की चौथा मिटवण्याआधी इरम्मा त्यात ज्वारीच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवायची. तिच्या आईची रीत.

एका गिऱ्हाइकाच्या वाकळीला मुंग्या लागल्या. त्यानं कोपरा उसवला, फोटो काढले आणि तक्रार केली. 'गलिच्छ माल.' मी इंग्रजीत लांबलचक खुलासा लिहिला, चारदा खोडून. उत्तर आलं, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' आणि खाली तंबी... अशी आणखी एक तक्रार आली, तर खातं बंद.

मी दोघींना सांगितलं, आता भाकरी ठेवायची नाही.

इरम्मानं सुई खाली ठेवली.

"माणिकप्पा, पांघरणाऱ्यासाठी ठेवतात व्हय तो घास? जिचं लुगडं हाय, तिच्यासाठी असतो. तिला उपाशी धाडता का?"

मला वाद घालता येत नाही. मी फक्त ॲपवरचे नियम तिच्यापुढं धरले.

"मला कुठं वाचता येतंय ते?" ती म्हणाली. "तुमीच वाचा आन् तुमीच निस्तरा."

त्यानंतरच्या वाकळी घासाशिवाय गेल्या. त्याच दिवसांत शिवरंजनीनं एक वाकळ माझ्यासाठीही शिवली, तारामतीच्या लुगड्यांची. थंडी वाढली होती.

मग सोनारीच्या कृष्णराज यांची ऑर्डर आली. त्यांच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिची लुगडी त्यांनी पाठवली. त्यात एक हिरवं इरकली होतं, लाल काठाचं. वर्षश्राद्धाच्या आत वाकळ घरी यावी, एवढीच त्यांची इच्छा.

वाकळ तयार झाली. मी पॅकिंगचा व्हिडिओ काढला. तो काढावाच लागतो, उद्या कुणी खोका रिकामा आला म्हणालं तर पुरावा असावा म्हणून. पार्सल गेलं.

पार्सल सोनारीत पोचलं, वाटपासाठी बाहेर पडलं.

आणि मग स्क्रीनवर आलं... 'ग्राहकाने पार्सल नाकारले.'

मी कृष्णराज यांना फोन केला.

"नाकारलं?" ते ओरडलेच. "अहो, मी सकाळपासनं दारात खुर्ची टाकून बसलोय! कुणी फिरकलंच न्हाय हितं!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाकारले.

मी ॲपवर विचारलं. उत्तर, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. तुमची समस्या सुटली का?' मी 'नाही' दाबलं. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा 'नाही'. शेवटी आलं, 'संभाषण समाप्त.'

भिंतीशी बोलावं तर ती निदान समस्या सुटली का असं विचारत नाही.

तोवर कृष्णराज यांनी तक्रार नोंदवली. त्यांचं काय चुकलं? वाटप करणारा माणूस म्हणतो नाकारलं, ते म्हणतात आलंच नाही, आणि दोघांच्या मधे मी. मीच खोटा ठरणार होतो. मला तर वाटायला लागलं, पत्ता नीट घातला होता ना? वाकळ खोक्यात खरंच ठेवली होती ना?

शेवटी पार्सल वाटणाऱ्याचा नंबर मिळवला. महांतेश नाव त्याचं.

"सर, माझ्यावर कशाला चिडताय?" तो म्हणाला. मी चिडलो नव्हतो, माझा आवाजच कापत होता. "दोन्ही बारीला त्या घरातल्या म्हातारीनं वापस केलं."

"म्हातारीनं?"

"व्हय. दारात उभी होती. पार्सल हातात घेतलं, आन् एकेक कोपरा चाचपला. वरनं, दाबून दाबून. चौथ्या कोपऱ्यावर आली आन् म्हणली, 'उपाशी हाय. नगं.' मला वाटलं, बिचारीला जेवाया मिळंना. माझ्याजवळचा बिस्किटाचा पुडा दिला, तर तोबी घेतला न्हाय."

"आणि खुर्चीवर कुणी बसलं होतं का?"

"खुर्ची व्हती. रिकामी व्हती."

 मी विचारलं, म्हातारीच्या अंगावर काय होतं?

"हिरवं लुगडं. लाल काठाचं."

मी हे कृष्णराज यांना सांगितलं. सांगायला नको होतं. 

ते हळूच म्हणाले, "काका, आमच्या घरात आता म्हातारी न्हाय. आन् ते लुगडं तर त्या वाकळीतच हाय."

फोन बंद झाला.

पार्सल परत आलं. खोक्याची चिकटपट्टी जशीच्या तशी. मीच चिकटवलेली, एका बाजूला वाकडी. मी खोका फोडला, वाकळ उलगडली.

तीन कोपरे घट्ट होते.

चौथा... उसवलेला होता.

फाटलेला नाही. कुरतडलेला नाही. एकेक टाका अलगद सोडवला होता आणि दोरा आत गुंडाळी करून ठेवला होता. आपल्या बायका दोरा वाया जाऊ नये म्हणून ठेवतात ना, तसा.

शिवरंजनी पाहत राहिली.

"आप्पा, मी पक्कं शिवलं होतं."

"माहीत आहे. व्हिडिओ आहे," मी म्हणालो. मला अजून पुराव्याचीच पडली होती. तक्रारीला उत्तर द्यायची मुदत संपत आली होती.

व्हिडिओ लावला. त्यात मी, माझी टोपी, माझा पुटपुटता आवाज. मी एकेक कोपरा कॅमेऱ्यापुढं धरतो. हा पहिला. हा दुसरा. हा तिसरा. हा चौथा.

आणि मग, माझ्या आवाजाच्या मागून...

"आन् घास?"

मी व्हिडिओ थांबवला. म्हटलं, म्हातारपण. कान वाजतात. शिवरंजनीला काही सांगितलं नाही, फक्त तिच्या कानाला मोबाइल लावला.

तिचा चेहरा उतरला.

"आप्पा, ही कोण बाई बोलली? त्या दिशी खोलीत तर तुमी एकटेच होता."

तिनं इरम्माला हाक मारली. इरम्मा आली, उसवलेला कोपरा बघितला. मला वाटलं, आता ती मला फाडून खाणार. पण तिनं फक्त हात पुढं केला.

"भाकरी आण गं."

"खातं बंद होईल, इरम्मा," मी म्हणालो. एवढं होऊनही मी हेच म्हणालो.

"होऊ द्या. का जिचं लुगडं हाय तिला समजावता? दावा तिला तुमचे नियम."

 शिवरंजनीनं भाकरी आणली. इरम्मानं तुकडा मोडला, ठेवला, कोपरा शिवला. खोलीत सुईचा तेवढा आवाज.

पार्सल पुन्हा गेलं.

या वेळी कृष्णराज यांनी स्वतः घेतलं. महांतेशनं मुद्दाम मला फोन केला. म्हातारी दिसली नाही, म्हणाला. कृष्णराज यांनी तक्रार मागं घेतली. खातं वाचलं. घराला कुलूप लागलं नाही.

इथं संपायला हवं होतं.

पण त्या दिवसांत शिवलेली एक वाकळ विक्रीची नव्हती. ती माझ्या अंगावर होती.

त्यातही घास नव्हता. मीच नको म्हणालो होतो.

दुपारी मी वाकळ घेऊन पडतो. त्या आठवड्यात एकदा जाग आली ती पायाशी काहीतरी हलल्यानं. वाटलं, मांजर. डोळे उघडले नाहीत. कुणीतरी वाकळ चाचपत होतं. सावकाश. पायाचा एक कोपरा... मग दुसरा... मग खांद्याजवळचा...

मग चौथा. माझ्या गालाजवळचा.

हात थांबला. आणि निघून गेला.

उठून पाहिलं. खोली रिकामी. कोपरा मात्र शिवलेला, जसाच्या तसा. तारामती स्वतःसाठी कधी काही मागणारी नव्हती. सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं खायची. न उरलं तर पाणी प्यायची.

मी इरम्माच्या पाया पडायचाच बाकी होतो. तिनं कोपरा उसवला, घास घातला, दुहेरी दोऱ्यानं शिवला.

दुसऱ्या दुपारी जाग आली तेव्हा घास उशीवर होता.

कोपरा उसवलेला, दोरा गुंडाळलेला.

पुन्हा शिवला. पुन्हा घास उशीवर, माझ्या तोंडाशी.

शिवरंजनी म्हणते, "सासूबाई रुसल्यात, आप्पा. दुसऱ्याच्या आईला घास दिला आन् त्यांना मागनं." इरम्मा म्हणते, रुसलेली बाई घास फेकून देईल, असा उशीवर ठेवणार नाही.

मला दोघींचंही पटतं. रात्री जेवताना तारामती आपल्या ताटातला शेवटचा तुकडा माझ्या ताटात सरकवायची. मी पुस्तकातून मान वर न काढता तो खायचो. तिचं पोट भरलं का, असं मी कधी विचारलेलं मला आठवत नाही.

आता रोज विचारतो. मोठ्यानं विचारायची लाज वाटते, म्हणून वाकळीत तोंड खुपसून विचारतो.

उत्तर येत नाही.

आज दुपारीही घास उशीवरच होता. फक्त आज तो...

अर्धा होता.