चार बोटं डावीकडे

सुचितानं सोनीबाईंच्या ओट्यावर एक छोटा सहाकोनी पाना ठेवला. “मावशी, हा पाना म्या फिरवला नाही. तेवढं सिद्ध करून द्या.”

सोनीबाई राठोड एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. कोणता प्रवासी झोपेचं सोंग घेऊन पडलाय, हे त्यांना चेहऱ्याकडे बघून कळायचं. निवृत्त झाल्यावर वाशीमच्या लोकांनी त्यांना स्वस्थ बसूच दिलं नाही. हरवलेल्या म्हशीपासून पळालेल्या जावयापर्यंत सगळं त्यांच्या दारात येऊ लागलं. सोबतीला त्यांचे चुलत दीर धरमसिंग आणि धरमसिंगांची रिक्षा. धरमसिंगांचं मत सगळ्यांच्या आधी तयार असे आणि बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी चुकतही असे.

“बस वं पोरी. सुरुवातीपासून सांग,” सोनीबाई म्हणाल्या.

सुचिताच्या बापाचा वाशीमजवळ भाजीपाल्याचा मळा होता. ती स्वतः कारंजा रोडवरच्या तिरंदाजीच्या मैदानावर धनुष्यांची देखभाल करायची. दोऱ्या, स्क्रू, बाणांची पिसं, सगळं तिच्या हातचं. धनुष्यांच्या पेटीची चावीही तिच्याकडेच. मैदानावरची सगळ्यात गुणी पोरगी म्हणजे आसेगावची धम्मदीपा. तिच्याकडे कंपाउंड धनुष्य, म्हणजे दोन टोकांना चाकं असलेलं. येत्या रविवारी राज्य संघाची निवड होती आणि आज गुरुवार.

“पंधरा दिवसांपासून तिचे बाण एक दिवस मधात लागतात अन् एक दिवस डावीकडे. सर म्हणतात, बाण ज्या पट्टीवर टेकते ती पट्टी कोणी तरी सरकवून राह्यलं. चावी माह्याजवळ, पाना माह्याजवळ. मंग दुसरं कोण?” सुचितानं पाना पुढे सरकवला. “उद्या सकाळी सर संघटनेले पत्र देऊन राह्यले. मंग कोण्याच मैदानावर मले धनुष्याले हात लावू देणार नाहीत. मले दुसरं काही येतच नाही, मावशी.”

“धम्मदीपा काय म्हणते?”

“काहीच नाही. तेच तर लागलं मले. दोन वर्षं आमी एका डब्यात जेवलो. आमच्या मळ्यातले पेरू तिले भलते आवडतात. पण ज्या दिवशी बाण डावीकडे जातात ना, त्या दिवशी ती माह्या डब्याले हात लावत नाही. पह्यल्याच दिवशी तोंड फिरवलं तिनं. तवाच समजलं, तिचा संशय माह्यावरच आहे.”

“पह्यल्या दिवशी डबा नाकारला, तो बाण मारायच्या आधी का नंतर?”

सुचिता आठवू लागली. “आधी. सकाळी आल्या आल्या.”

सोनीबाईंनी पाना उचलून पदरात बांधला. “धरमसिंग, रिक्षा काढा.”

सगळे मैदानावर पोचले तेव्हा धम्मदीपा नुकतीच रेषेवर उभी राहिली होती. सोनीबाईंनी आयुष्यात तीर-कमान पाहिली होती ती रामलीलेत. हे काही वेगळंच होतं. ती बारीक चणीची पोरगी दोन पायांवर सारखा भार टाकून उभी राहिली. धनुष्य तिनं मुठीत आवळलंच नाही. ते नुसतं तळव्याला टेकलेलं होतं आणि बोटं सैल होती. मग पाठीच्या जोरानं तिनं दोरी मागे ओढली. चाकं फिरली, जड ओढ एकदम हलकी झाली आणि दोरी नाकाच्या शेंड्याला आणि उजव्या गालाला टेकून थांबली. त्यानंतर काहीच हललं नाही. सोनीबाईंना वाटलं, पोरीचा श्वासही थांबला. बाण कधी सुटला ते त्यांना कळलं नाही. कदाचित पोरीलाही कळलं नसावं.

असे सहा बाण.

सगळे पन्नास मीटरवरच्या निशाणापाशी चालत गेले. सहाही बाण एकमेकांना खेटून बसले होते, इतके की पिसांत पिसं अडकली होती. मात्र पिवळ्या मध्याच्या चार बोटं डावीकडे.

“माय वं!” सोनीबाईंच्या अंगावर काटा आला. “हे माणसाच्या हातानं होते?”

“तिच्या होते,” प्रशिक्षक आदर्श सर म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि रागही. “म्हणून तर सांगतो, पोरीची चूक नाही. चूक पोरीची असती तर बाण विखुरले असते. हात आवळला, झटका देऊन सोडला, कोपर खाली पडलं, तर बाण कुठंही जातात. तिचे एकाच जागी जातात. म्हणजे यंत्रात कोणी तरी हात घातला.”

“मंग निशाण पाहायचं भिंगच थोडं सरकवाना.”

“सरकवलं ना. दुसऱ्या दिवशी बाण उजवीकडे. परत आणलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. भिंगावर खूण आहे, ते सरकलं तर कळतं. पट्टीवर खूण नाही.”

“कितीक डावीकडे जातात?”

सरांनी धम्मदीपाची वही दाखवली. तिनं स्वच्छ अक्षरात दर वाईट दिवसापुढे लिहिलं होतं: चार बोटं डावीकडे. सात वेळा तेच.

“पोरीच्या उभं राहण्यात फरक नाही कशावरून?”

सरांनी मोबाइल काढला. चांगल्या दिवसांचे आणि वाईट दिवसांचे असे बरेच व्हिडिओ होते. खांदा, कोपर, पाठ, पाय, सगळं तंतोतंत तेच. सोनीबाईंनी ते दोनदा पाहिले. “सगळे मागूनच घेतले तुमी?”

“पाठीचे स्नायू मागूनच दिसतात, बाई.”

पुढची चौकशी पिंकीची, मैदानावरच्या दुसऱ्या तिरंदाज पोरीची. धम्मदीपा चुकली तर निवडीत तिची जागा पिंकीला मिळणार होती, म्हणून सुचितानं नाव सांगताच धरमसिंगांनी रिक्षातच तिला गुन्हेगार ठरवून टाकलं होतं.

“मले जागा पाह्यजे,” पिंकी बिनदिक्कत म्हणाली. “पण अशी नाही. तिच्या मागं उभं राहून तर म्या शिकली. तिचे बाण पाह्यले की मले रात्री झोप लागत नाही, मावशी. आपल्याच्यानं असं कधी होईन, हेच डोक्यात.”

“पाना वापरता येते?”

“मले सायकलची चेन बसवता येत नाही.”

धम्मदीपा शेडमध्ये बाकावर बसली होती. समोर आल्याचा चहा निवत होता. साय धरली तेव्हा कुठे तिनं कप उचलला आणि मान डावीकडे कलती करून घोट घेतला.

“सुचितावर तुहा संशय आहे?”

तिनं नुसती मान हलवली. नाही.

“मंग सरांले सांगत काहून नाहीस?”

तिचे डोळे भरून आले, पण ओठ उघडले नाहीत.

बाहेर आल्यावर धरमसिंग कुजबुजले, “वहिनी, मले तं हेच पोरगं खोटं वाटते. बोलतच नाही. पण चहा मस्त असते इथला. लवंगेचा वास सुटला होता.”

“चहात आलं होतं, धरमसिंग. लवंग नव्हती.”

निघण्याआधी सोनीबाईंनी पिंकीकडून नखपॉलिश मागून घेतलं. पट्टीच्या, भिंगाच्या आणि चाकांच्या प्रत्येक स्क्रूवर लाल रेघ ओढली. मग सगळ्यांसमोर धनुष्य पेटीत घालून पेटी स्वतःच्या ताब्यात घेतली. “उद्यापर्यंत हे माह्या घरी. सर, पत्र उद्या अकरापर्यंत थांबवा.”

तिथून रिक्षा थेट आसेगावला. धम्मदीपाची आजी चंपाबाई अंगणात कापूस निवडत बसली होती. घरात विकायच्या कापसाचा ढीग छपरापर्यंत होता. म्हातारीनं मात्र मांडीवर दोनच बोंडं घेतली होती. त्यातली सरकी नखानं काढून ती कापूस पिंजत होती.

“एवढुसा कापूस कायले, बाई? वातीले का?”

“वात नाही. पोरीसाठी.” म्हातारी बोलली आणि पुन्हा पिंजू लागली. तिच्यामागच्या फळीवर बोटभर उंचीची एक काळपट बाटली होती. सोनीबाईंनी तिकडे पाहिलं आणि पुढे काहीच विचारलं नाही. धरमसिंगांना हा मोठा फेरा फुकट गेल्यासारखा वाटला.

शुक्रवारी सकाळी दहाला सगळे मैदानावर जमले. सुचिता कडेला उभी होती, गाडी चुकल्यासारखी. सोनीबाईंनी पेटी उघडून सरांना एकेक रेघ दाखवली. कुठलीच मोडलेली नव्हती.

“मार पोरी.”

सहा बाण गेले. एकमेकांना खेटून, चार बोटं डावीकडे.

“हे तं आधीच सरकवलेलं होतं!” सर म्हणाले.

“थांबा ना.” सोनीबाई धम्मदीपाजवळ गेल्या आणि तिच्यापुढे हात पसरला. “ते आता माह्या हातावर ठेव. कोणी काही म्हणणार नाही.”

तिनं सरांकडे पाहिलं, सुचिताकडे पाहिलं. मग तोंडात बोट घालून उजव्या गालातून कापसाचा ओला बोळा काढला आणि सोनीबाईंच्या तळहातावर ठेवला. लवंगेचा वास सगळीकडे पसरला.

“आता मार. स्क्रूले कोणीच हात लावू नका.”

पोरगी रेषेवर उभी राहिली. दोरी ओढताना तिच्या कपाळावर घाम आला, पण हात तसाच स्थिर राहिला. सहा बाण सुटले. सगळे पन्नास मीटर चालत गेले, आणि निशाणासमोर आदर्श सरांनी डोक्यावरची टोपी काढली.

सहाही बाण पिवळ्याच्या मध्यात होते.

“दाढ दुखते तिची,” सोनीबाई म्हणाल्या. “ज्या दिवशी ठणका जास्त, त्या दिवशी आजी लवंगेच्या तेलाचा बोळा देते. दोरी टेकते त्याच गालात. आतून गाल फुगला, की बाहेर दोरी खसखशीच्या दाण्याएवढी सरकते. इथं खसखस, अन् पन्नास मीटरवर चार बोटं.”

“पण तुमाले कसं समजलं?” पिंकीनं विचारलं.

“सात वेळा चार बोटं, त्यानं. चोरून स्क्रू फिरवणारं माणूस रोज मोजून तेवढाच कसा फिरवीन? एखाद दिवस तीन बोटं, एखाद दिवस सहा. म्हणजे फिरवणारं कोणी नव्हतंच. एकाच मापाची गोष्ट येत होती अन् जात होती. चंपाबाईचा हात तेवढा सारखा, दोन बोंडांचा बोळा म्हणजे दोन बोंडांचाच.” त्या सरांकडे वळल्या. “तुमी पाठ पाह्यली, कोपर पाह्यलं. सगळं तेच होतं. पण व्हिडिओ मागून. गाल कोणीच पाह्यला नाही.”

“अन् डबा?” सुचितानं विचारलं.

“तू सांगतलं, बाण मारायच्या आधीच तिनं डबा नाकारला. आधी संशय कशाचा घेईन ती? बाण तं गेलेच नव्हते. पेरू कडक असते, पोरी. दुखऱ्या दाढेनं तो खाता येत नाही. गरम चहाबी पिता येत नाही, तो निवू द्या लागते. अन् धरमसिंगांनी लवंगेचा वास ओळखला, फक्त चुकीच्या कपात ओळखला.”

धरमसिंगांनी हे कौतुक समजून मिशीवर हात फिरवला.

“सांगितलं काहून नाही वं?” सर धम्मदीपाला म्हणाले. रागावायचं होतं त्यांना, पण जमलं नाही.

आता ती बोलली. “मांगच्या वर्षी सविताले ताप होता, तर तुमी तिले निवडीले नेलंच नाही. मले भेव वाटलं. तोंड उघडलं असतं तर वास आला असता. म्हणून कोणाशीच बोलली नाही.” ती सुचिताकडे वळली. “बोळ्यानं बाण सरकतात हे मले खरंच माहीत नव्हतं. पण तुह्यावर आळ आला तवा म्या गप्प राह्यली. हे मले माहीत होतं. माफ कर मले.”



सरांनी खिशातलं पत्र काढून फाडलं. तुकडे कुठे टाकावेत ते त्यांना सुचेना, म्हणून परत खिशातच ठेवले. सोनीबाई अजून निशाणापाशीच होत्या. त्यांनी एका बाणाला बोट लावलं, देवाच्या पायाला लावावं तसं. एकतीस वर्षं त्यांनी माणसं पाहिली होती. एवढा ठणका तोंडात धरून इतकी स्थिर उभी राहिलेली पोर त्यांनी पाहिली नव्हती, आणि हे त्यांनी तिथंच सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं.

“रविवारी काय करशीन? बोळा ठेवशीन का?” सरांनी धम्मदीपाला विचारलं.

“नाही. भिंग आहे तिथंच राहू द्या. तीन दिवस सोसते. सोमवारी दवाखान्यात नेजा.”

सुचितानं तिच्या हातातून धनुष्य घेतलं. एकेक स्क्रू तपासला, दोरीवरून बोट फिरवलं, नखपॉलिशच्या रेघा तशाच ठेवल्या आणि धनुष्य पेटीत नीट निजवलं. मग बाकावर जाऊन बसली आणि डबा उघडला.

धम्मदीपा बराच वेळ लांब उभी होती. शेवटी येऊन शेजारी बसली.

“पेरूच आहे आज,” सुचिता तिच्याकडे न बघता म्हणाली. “कडक आहे.”

“दे. डाव्या दाढेनं खाते.”

सुचितानं पेरू घेतला, पेटीतला चाकू काढला आणि त्याच्या बारीक बारीक फोडी करू लागली.