फास ज्याच्या हाती

आधीच सांगतो, हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या बाबतीत घडलं असतं, तर मी असा पाय पसरून सांगत बसलो असतो का? घडलं ते धाकट्याच्या बाबतीत. थोरला आणि धाकटा, धनुष्यं करणारे दोघे सख्खे भाऊ. पंधरा वर्षं त्यांना म्हशीची शिंगं मीच पुरवली. म्हणून त्या घरातलं मला ठाऊक.

अकरा डिसेंबर, गुरुवार. रात्रीचे पावणेदहा. जेवणं उरकली होती, आणि धाकटा कामाच्या खोलीची किल्ली मागायला वहिनीकडे गेला. थोरला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्याच्या हातचं शेवटचं धनुष्य खोलीत वाळत होतं. सकाळी तिरंदाजीचे मास्तर ते बघायला येणार होते, आणि त्याआधी दोरी चढवून ठेवायची, एवढंच काम.

वहिनीनं किल्ली दिली, पण हातातून सोडली नाही.

"भाऊजी, उद्या मास्तरांना सांगाल ना, हे त्यांनी केलंय म्हणून?"

"वहिनी, दुकानाला माझं नाव आहे. लोक त्या नावावर येतात."

"दुकान ठेवा तुम्हाला. हे एक धनुष्य त्यांच्या नावानं जाऊ दे. आणि ते दुसरंही... मला एकटीला सांगितलंत तरी चालेल."

"झोपा आता, थंडी आहे," असं म्हणून धाकट्यानं किल्ली ओढून घेतली.

ते दुसरं म्हणजे काय, ते कळायला तुम्हाला शिंगाचं धनुष्य कळायला हवं. आतून शिंग, मध्ये लाकूड, बाहेरून जनावराच्या पायातल्या चिवट धोंडशिरा. त्या वाळवायच्या, कुटायच्या, केसांसारख्या विंचरायच्या आणि सरसात बुडवून चिकटवायच्या. वर्षभर वाळल्यावर ते धनुष्य असं हट्टी होतं, की दोरी नसली की उलटं वळतं, रुसलेल्या पोरानं पाठ फिरवावी तसं. त्याला सुलटं वाकवून दोरी चढवायला त्या घरात दोघं लागायचे. एक जण ठोकळ्यावर धनुष्य दाबून धरणार, दुसरा दोरीचा फास टोकाच्या खाचेत अडकवणार. फास नीट बसला की अडकवणाऱ्यानं म्हणायचं, "बसली." ते ऐकल्यावरच दाबणाऱ्यानं हात सोडायचे. त्याआधी सुटलं, तर टोक उसळून अडकवणाऱ्याच्या तोंडावर येतं. म्हणून त्यांच्या वडिलांचा नियम होता, फास ज्याच्या हाती, शब्द त्याचा.

फास कायम थोरल्याच्या हाती. दाबायला कायम धाकटा. नऊ वर्षांपूर्वी असंच काम चाललं होतं आणि दोघांची कशावरून तरी जुंपली होती. थोरला म्हणाला, "तुझ्या हातात कसब नाही रे, नुसतं वजन आहे." आणि धाकट्यानं हात सोडले.

थोरल्याचा उजवा डोळा गेला.

धाकटा सगळ्यांना सांगत सुटला, "दादाच 'बसली' म्हणाला, मी ऐकलं." थोरला दवाखान्यात, तोंडाला पट्ट्या. लोकांनी विचारलं, तर म्हणाला, "म्हणालो असेन." बस, एवढंच! पाठच्या भावासाठी त्यानं तो घोट गिळला. आणि धाकट्यानं काय केलं? आंधळ्या कारागिराच्या हातचं कोण घेणार, म्हणत दुकानावर स्वतःचं नाव चढवलं. करायचा थोरलाच, एका डोळ्यानं, आतल्या खोलीत. मिरवायचा हा. मी शिंगं टाकायला जायचो, तेव्हा मला सगळं दिसायचं. मीही बोललो नाही. माझा माल खपत होता ना. असो.

तर त्या रात्री धाकट्यानं खोली उघडली. दिवा लावला, शेगडी पेटवली, धनुष्य निखाऱ्यांवरून हलक्या हातानं फिरवून उबदार केलं. खोलीत अजून सरसाचा वास होता. दोरीचा एक फास खालच्या टोकाला आधीच होता. दुसरा दातांत धरून त्यानं एकट्यानं दाबून पाहिलं. जमेना. गुडघा लावला. जमेना. तिसऱ्यांदा हात घसरला आणि धनुष्य धाडकन उलटलं.

"मेल्यावरसुद्धा अडवतोस का रे," तो धनुष्याला म्हणाला. ते ठोकळ्यावर ठेवून, हातात फास घेऊन, दम खात उभा राहिला.

तेव्हा शिंग करकरलं.

त्याला वाटलं, उबेनं असेल. मग त्यानं पाहिलं. धनुष्याची दोन्ही टोकं खाली येत होती. हळूहळू. दोन्ही सारखी. कुणीतरी ठोकळ्यापलीकडून, सावकाश, सगळं वजन घालून दाबावं तशी.

पलीकडे कुणी नव्हतं.

टोक आलं ते थेट त्याच्या हाताशी. खाच समोर. तिथंच थांबलं. जरासं थरथरत होतं... दाबणाऱ्याचे हात थरथरतात ना, तसं.

थोरल्यानं जन्मात कधी दाबलं नव्हतं. ते काम धाकट्याचं. आज जागा बदलल्या होत्या. फास याच्या हातात होता, आणि टोकासमोर याचा डोळा.

पळावंसं वाटलं. हातांनी मात्र सवयीनं काम केलं. फास खाचेत अडकवला. नीट बसला.

आता शब्द म्हणायचा.

खोलीत आवाज नाही. पलीकडचा वाट बघतोय. घाई नाही. राग नाही. नुसतं दाबून धरलंय, शब्द येईपर्यंत. आणि धाकट्याला कळलं... हा हात सोडणार नाही. मी सोडला होता. हा नाही सोडणार.

त्यानं तोंड उघडलं.

"ब..."

पुढे नाही.

पुन्हा.

"ब..."

दातखीळ बसली. बघा, तिथंही तोच शब्द.

साडेदहा... अकरा... निखारे विझले. धनुष्य तसंच. शेवटी धाकट्यानं डोळ्यांवर हात घेतले आणि दार उघडं टाकून पळाला.

सकाळी मास्तर आले. वहिनी, धाकटा आणि मी, शिंगांचं पोतं घेऊन आलेला, असे चौघं आत गेलो. धनुष्य ठोकळ्यावर होतं, छान सुलटं वाकलेलं. मास्तर खूश होऊन पुढे झाले आणि थबकले.

"दोरी कुठाय?"

दोरी खाली पडली होती. जमिनीवर. दोन्ही फास धड.

कळतंय का पोरांनो? दोरीच नाही, तर ते धनुष्य उलटं वळायला हवं होतं. मास्तरांनी जोर लावला, मीही लावला. ते हलेना.

"हे केलंय कुणी?" मास्तरांनी विचारलं.

वहिनी धाकट्याकडे बघत राहिली. धाकटा जमिनीकडे बघत बाहेर निघून गेला. मग वहिनीनंच नवऱ्याचं नाव सांगितलं. मास्तर धनुष्याला हात जोडून तसेच परत गेले. म्हणाले, "हे मला नेता यायचं नाही."

धाकटा अजून आहे. दुकान चालवतो, हसतो, बोलतो. तो एक शब्द सोडून त्यानं मला सगळं सांगितलं. एरवीही तो शब्द त्याच्या तोंडून येत नाही. गाडीत म्हातारी बसली म्हणायचं असेल, तरी म्हणतो, "म्हातारी चढली." लोकांना गंमत वाटते.

आता तुम्ही विचाराल, मग दुसऱ्या कुणी का नाही म्हणून टाकला तो शब्द? म्हटला. मी म्हटला, पुढे मास्तरांनीही येऊन म्हटला. वहिनीनं तर रडत रडत म्हटला, "बसली हो, सोडा आता." काही झालं नाही. फास ज्याच्या हाती, शब्द त्याचा.

परवाच जाऊन आलो. धनुष्य वहिनीच्या खोलीत भिंतीवर आहे. दोरी खाली खुंटीला, गुंडाळून ठेवलेली. आणि धनुष्य अजून वाकलेलंच आहे.