ऐंशी अंशांचं पाणी

पाणी खळखळ उकळू लागलं आणि राजसी खिडकीपासून धावत आली.

"आजोबा, घात झाला! उकळलं!"

चंद्रावरच्या वसाहतीत त्या दिवशी कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. राजसीचे बाबा दूर एका विवराच्या तळाशी, बंद पडलेल्या गाडीत अडकले होते. जवळ प्राणवायू होता नऊ तासांचा. आई दुसरी गाडी घेऊन निघायच्या तयारीत होती. सहा तास कड्यांच्या काठाकाठाने जायचं, तेही कालपासून डोळ्याला डोळा लागलेला नसताना. कॉफी घेतली की तिचे हात थरथरायचे. म्हणून ती म्हणाली होती, "राजू, माचा कर गं. पाणी ऐंशीच्या फार वर जाऊ देऊ नकोस."

माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची पानं दळून केलेली पूड. डब्यात उरली होती जेमतेम चमचाभर. त्यात तापमापी नेमकी आजच बिघडलेली. आणि राजसीबाई पाणी ठेवून खिडकीतून आईची गाडी बघत बसल्या!

आजोबा भौतिकशास्त्रज्ञ. प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही त्यांची खोड. पण बाबा त्यांचाच मुलगा; आज प्रश्न विचारतानाही त्यांची नजर सारखी घड्याळाकडे जात होती.

"उकळतं पाणी का नको?"

"पूड कडू होते. आजोबा, वेळ नाहीये!"

"आई अजून पोशाख चढवतेय. पृथ्वीवर पाणी किती अंशांना उकळतं?"

"शंभर."

"का? तर वरून हवा पाण्याला दाबून धरते. तो दाब झुगारला तरच वाफ सुटते. दाब कमी, तर कमी तापमानालाच काम भागतं. आता आपल्या घुमटातला वायुदाब (हवेचा दाब) बघ."

राजसीने भिंतीवरचा काटा पाहिला. "पृथ्वीच्या निम्मा... म्हणजे आपलं पाणी शंभराच्या आधीच उकळतं?"

"निम्म्या दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू (ज्या तापमानाला द्रव उकळतो तो) साधारण एक्क्याऐंशी. गार वाडग्यात ओतलंस की आणखी उतरेल."

म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं! राजसीने घाईघाईने पूड चाळून गुठळ्या मोडल्या, थोडं पाणी ओतलं आणि बांबूच्या काड्यांच्या कुंच्याने भराभर फेटलं. हिरवागार फेस आला. सवयीने तिने गाळणी उचलली, तसा आजोबांनी तिचा हात धरला.

"अगं, हे गाळायचं नाही! इथे अख्खं पान पोटात जातं, म्हणून त्यातलं पुष्कळ काही आपल्याला मिळतं. कॅफीन जागं ठेवतं. शिवाय या चहाची रोपं तोडणीआधी काही आठवडे सावलीत ठेवतात, त्यामुळे पानांत थिॲनाइन (मन शांत ठेवायला मदत करणारं द्रव्य) जास्त राहतं. दोन्ही मिळून माणूस जागा आणि शांत राहतो, असं अभ्यासकांना वाटतं. जादू नव्हे हं. गुण यायला अर्धा तास तरी लागतो."

आई उभ्याउभ्याच प्यायली आणि निघाली.

राजसी रेडिओसमोर बसली. वीस मिनिटं झाली. तीस झाली. चाळिसाव्या मिनिटाला आई बोलली, अगदी संथ आवाजात. "पहिला कडा उतरले. हात स्थिर आहेत."

मग कितीतरी तास नुसती खरखर. आजोबांनी राजसीचा हात सोडला नाही.

शेवटी रेडिओवर दुसराच आवाज आला, थकलेला. "राजू, आईने माचाचं सांगितलं. माझ्यासाठी थोडा ठेवलायस का गं?"

आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. राजसीला हसावं की रडावं कळेना.

"नाही ठेवला, बाबा," ती म्हणाली. "तू ये आधी. आपण इथे चहाची रोपंच लावू."