अर्धं राहिलेलं वाक्य

शनिवारी सकाळी झिलोलाने आठवड्याचे कपडे बाल्कनीत वाळत घातले, आत जाऊन चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत खाडीपलीकडच्या ज्वालामुखीने डाव साधला. बाहेर येऊन बघते तर पांढऱ्या चादरीवर करडी राख... कुणी चाळणीने चाळून पसरावी तशी! वारा इकडे वाहत असला की जपानच्या ह्या कागोशिमा शहरात कपडे घरातच वाळवायचे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नेमकी तीच विसरली.

"थूय! तू बघितलं नाहीस?"

"बघितलं ना," तिच्याच खोलीत राहणारी व्हिएतनामची थूय पांघरुणातूनच म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या उझबेकिस्तानात असंच धुतात."

गाठोडं काखोटीला मारून झिलोला कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेली. एकच मशीन रिकामं होतं, आणि त्याच्यासमोर हातात ॲप्रनांचा ढीग घेतलेला एक उंच मुलगा.

"कृपया आपण प्रथम वापरावे," ती म्हणाली. भाषाशाळेतलं वाक्य, काना-मात्रा न चुकवता.

तो काहीतरी पुटपुटला. अस्सल इथली बोली... तिला काही उमगलं नाही.

"क्षमस्व. आपले बोलणे मला आकलन झाले नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हटलं, तुमच्या केसांत राख आहे." मग जरा थांबून – "आणि बातम्या सांगतात तसं बोलता तुम्ही. छान वाटतं."

शेवटी चादर आणि ॲप्रन एकाच मशीनमध्ये गेले. तो हामासाकी. साकुराजिमाला, म्हणजे त्या ज्वालामुखीकडे, जाणाऱ्या बोटीवर उदोनच्या – रश्श्यातल्या जाड शेवयांच्या – गाड्यावर कामाला. ॲप्रनना रश्श्याचा वास होता, आणि त्या दिवशी तिच्या चादरीलाही तो लागला. रात्री तिने ती पुन्हा धुवायची म्हणून हातात घेतली... आणि तशीच अंथरली.

मग दर शनिवारी सकाळी तिचे कपडे निघू लागले. आठवडाभर वर्ग, संध्याकाळी बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या, कारखान्यातलं काम. त्यात ही सकाळ तेवढी तिची होती. तो तिला बोलीतल्या शिव्या शिकवायचा, ती त्या अदबीने म्हणून दाखवायची, आणि तो पोट धरून हसायचा.

चादरीची घडी दोघं मिळून घालत. चार टोकं, दोघांच्या हातांत. एकेक पाऊल पुढे... बोटं बोटांना लागली की कुणीतरी पटकन सोडायचं. एका शनिवारी कुणीच सोडलं नाही.

"हामासाकीसान," ती खाली बघत म्हणाली, "पुढल्या शनिवारी मी पुलाव करणार आहे. गाजर, मटण... आमच्या घरच्यासारखा. आपण आलात तर मला आनंद होईल."

तो गडबडला. मान खाजवली. "शनिवारी जरा..."

शाळेत कुरोकीबाईंनी घोकून घेतलं होतं – जपानी माणूस 'जरा' म्हणून थांबला, की तो नकार समजायचा. पुढे विचारणं असभ्यपणा. झिलोलाने त्याच्या हातातली टोकं काढून घेतली, कमरेत वाकली, "त्रासाबद्दल क्षमस्व" म्हणाली आणि मागे न बघता निघून गेली.

पुढचे दोन शनिवार तिने कपडे न्हाणीघरात धुतले. खोलीभर दोऱ्या, दोऱ्यांवरून टपटप पाणी.

"पुरे झालं!" थूय भडकली. तिच्या उशीवर ओला मोजा पडला होता. "जरा... म्हणजे जरा काय? पुढे काय म्हणाला तो?"

"पुढे काही नव्हतंच."

"नव्हतं, की तू थांबली नाहीस?"

झिलोला हळूच उठली आणि कोट चढवला.

बोटीवर दुपारचं लख्ख ऊन होतं. गाड्यावरच्या कावाबाताकाकूंनी तिला बघितलं आणि झारा तसाच हवेत राहिला. "अगं बाई, ही का ती चादरवाली? हामासाकी, बाहेर ये! पोरी, दोन आठवडे हा रश्श्यात दोनदा मीठ घालतोय. गिऱ्हाइकं पाणी पिऊन पिऊन बेजार!"

"काकू!" तो हात पुसत आला आणि झिलोलाला बघून जागीच थबकला. "तुम्ही... का येत नाही?"

"आपणच नकार दिला होता. 'शनिवारी जरा' असे आपण म्हणालात."

"अहो, शनिवारी दुपारपासून रात्रीपर्यंत जरा काम असतं! ह्या बोटीवर! रविवारी आलो तर चालेल का, हे विचारायचं होतं. शब्द जुळवेपर्यंत तुम्ही चादरीसकट गायब. मागे धावणार, तर ॲप्रन मशीनमध्ये गरगरतायत... मालकाचे."

झिलोलाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, तशी ती कठड्याकडे वळली. तोही मागोमाग आला. वारा, खारा वास, समोर जवळ येत चाललेला करडा डोंगर.

"आता पूर्ण वाक्य बोलतो," तो म्हणाला. पाठ ताठ केली, वर्गात उभं केल्यासारखी. "तुम्ही मला आवडता."

बोटीचा भोंगा वाजला. माणसं उतरायला उठली.

"कृपया..." झिलोला त्याच्याकडे वळली, "पुन्हा एकदा सांगाल का?"

त्याचा चेहरा उतरला. "कळलं नाही?"

"कळलं," ती म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरला. "कळलं, म्हणून तर."