हिरव्या घुबडाची साक्ष

छापखान्याच्या दारात भंगारवाल्याची गाडी येऊन उभी राहिली, तरी भिंगचं डोकं खणातच होतं.

कुठलीही वस्तू नाकाशी धरून पाहायची तिला खोड, म्हणून घरात सगळे तिला भिंग म्हणत. धाकटा भाऊ सदा तिच्या मागे, म्हणून तो शेपूट. सुट्टी लागताच काकांनी दोघांना कामाला जुंपलं होतं. आजोबांच्या वेळचं लाकडी कपाट रिकामं करायचं होतं. त्याच्या खणांत पूर्वी छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं असत. आता सगळं काम संगणकावर, त्यामुळे कपाट भंगारात निघालं होतं.

भिंगचं मन मात्र आत्याच्या अल्बममध्ये अडकलं होतं. आत्याच्या लहानपणी बिस्किटांच्या पुड्यांतून पक्ष्यांची चित्रं निघत. ती आजोबांच्याच छापखान्यात छापली जात. मधल्या सुट्टीत त्यांची अदलाबदल चाले, एका मोरावरून जिवलग मैत्रिणी अबोला धरत. आत्याने सगळे पक्षी जमवले होते आणि आज संध्याकाळी वाचनालयाच्या प्रदर्शनात तो अल्बम मांडायचा होता. फक्त घुबडाची जागा रिकामी होती. सगळ्यांकडे तपकिरी घुबड. आत्या म्हणे, मला हिरवं मिळालं होतं, ते हरवलं; पण ते कुणालाच खरं वाटलं नव्हतं. त्या जागी तपकिरी चिकटवायला ती काही केल्या तयार नव्हती. काका तर तिला तेव्हापासून ‘हिरवं घुबड’ म्हणूनच चिडवत. आत्या ते हसण्यावारी नेई. पण आज सकाळी तिने अल्बम मुकाट्याने पेटीत ठेवून दिला.

“लोकांसमोर पुन्हा थापाडी ठरायचं नाही मला,” ती म्हणाली. भिंगला ते फार लागलं.

शेवटच्या खणाच्या तळाशी कोरा कागद अंथरला होता. त्याच्या दुमडलेल्या कोपऱ्यावर मात्र मागच्या बाजूचा रंग डोकावत होता. भिंगने नख घालून कागद अलगद उलटला आणि ती पाहतच राहिली. न कापलेल्या चित्रांचा अख्खा ताव! पोपटाची चोच पिवळी, कोंबड्याचा तुरा पिवळा आणि घुबड चक्क हिरवंगार.

इतक्यात काका भंगारवाल्याला घेऊन कपाट उचलायला आले. शेपटाने टुणकन उडी मारून कपाटावर बैठक ठोकली. पायाला मुंग्या आल्यात, उतरताच येत नाही, असं त्याने गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं. काका त्याची मनधरणी करत होते, तोवर भिंग वरच्या मजल्यावरून आत्याला ओढत घेऊन आली.

“काका, पिवळ्यावर निळा छापला की काय होतं?”

“हिरवा. एवढंही माहीत नाही?”

“आणि त्यावर तांबडा?”

“तपकिरी,” काका म्हणाले आणि थबकले. भिंगने ताव त्यांच्या हातात दिला. त्यावर तांबड्याचा ठिपकासुद्धा नव्हता. तो रंग चढवायचाच राहिला, म्हणून आजोबांनी तो ताव बाद करून खणात अंथरला होता. तसाच एखादा ताव नजरचुकीने कापला जाऊन पुड्यांत गेला असणार.

काकांनी ताव उजेडात धरला, पुन्हा पुन्हा पाहिला.

“जन्म या छापखान्यात गेला माझा, आणि मला हे सुचू नये?” मग ते खाली मान घालून म्हणाले, “ताई, घुबड हिरवंच होतं गं.”

आत्याने पदराने डोळे टिपले आणि दोन्ही पोरांना जवळ घेतलं. आजोबा असते तर त्यांनी तुम्हाला छापखान्याच्या किल्ल्याच दिल्या असत्या, असं ती म्हणाली. भंगारवाला रिकाम्या गाडीने परत गेला.

संध्याकाळी वाचनालयात अल्बम उघडा होता, घुबडाची जागा रिकामीच होती आणि वर भिंतीवर तो ताव झळकत होता. काका दाराशीच उभे होते. आल्यागेल्या प्रत्येकाला थांबवून ते सांगत होते, “ही माझी ताई. आणि शोध लावला तो आमच्या या पोरांनी.”